सागाची तुळई: नुसत्या नावावर जाऊ नका

आमच्या दिंडोरी तालुक्यात जुना वाडा उतरवला की त्यातल्या सागाच्या तुळया नव्या घरात बसवायचा विचार हमखास होतो. "सागच आहे, त्यात काय बघायचं?" असं म्हणतात. पण डोक्यावरचं छत नुसत्या नावावर उभं राहत नाही.

आयएस ८८३ या मानकात इमारती लाकडाचे ताकदीनुसार ए, बी, सी असे गट आहेत. साग 'बी'मध्ये येतो. पुढे प्रत्येक नगाची प्रत ठरते: सिलेक्ट, ग्रेड १, ग्रेड २. ग्रेड १ वर १०० भार चालत असेल तर सिलेक्टवर ११६ आणि ग्रेड २ वर फक्त ८४!

बघायचं काय? गाठी, चिरा आणि रेषांचा तिरकेपणा. सिलेक्टमध्ये २० सेंमी लांबीत रेषा १ सेंमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. ग्रेड १ मध्ये १५ सेंमीत, ग्रेड २ मध्ये १२ सेंमीत. भार आला की तुळईची खालची बाजू ताणली जाते. गाठीभोवती रेषा वळतात, म्हणून मधोमध खालच्या कडेची गाठ सगळ्यात घातक.

जुन्या तुळईची भिंतीतली टोकं मी आधी टोच्याने टोचून बघतो. ओल आणि वाळवी तिथेच लागते. टोक मऊ लागलं, तर तेवढं कापा. उरलेली तुळई आखूड पडली तर तिला रामराम!