‘ऑटो’तून उतरा!

घरातल्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा एकदा उघडून बघा. जुन्या चार्जरचा गुंता, कुणाच्या तरी लग्नाच्या सीडी आणि त्यांच्याखाली काळ्या पाऊचमध्ये एक छोटा डिजिटल कॅमेरा. बाबांनी कुठल्याशा ट्रिपच्या आधी हौसेने घेतलेला. मग घरात स्मार्टफोन आले आणि हा वर गेला, तो गेलाच.

सध्या हेच कॅमेरे कॉलेजच्या कट्ट्यावर परत दिसायला लागलेत. फेस्टला, ट्रेकला, बर्थडेला मनगटात अडकवलेला ‘डिजिकॅम’ एकदम कूल. पण आठवड्याभराने बहुतेकांचं एकच वाक्य असतं, ‘‘छे, यापेक्षा माझा फोन बरा!’’ त्यांचं चुकत नाही. कारण कॅमेरा बाहेर काढला, तरी त्याच्या डोक्यावरची गोल डायल ‘ऑटो’वरच राहिलेली असते. आणि ऑटोवरचा जुना कॅमेरा नव्या फोनसमोर हरणारच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. सेकंड इयरला आमच्या कॉलेजची एकांकिका होती. तीन महिने तालीम. फोटोंची जबाबदारी माझ्याकडे, कारण कॅमेरा माझ्याकडे. मी शेवटच्या रांगेत बसलो, झूम पूर्ण बाहेर काढला, डायल ऑटोवर आणि धडाधड क्लिक. घरी आल्यावर साठ-सत्तर फोटो बघितले. हात हलले की चेहरे पुसलेले, चेहरे स्थिर असतील तर पांढरेफटक. पहिल्याच सीनला फ्लॅश उडाला, तो पुढच्या रांगेतल्या काकांच्या टकलावर. कामाचे फोटो निघाले तीन. कॅमेऱ्याची काही चूक नव्हती. ऑटोवर त्याला माझ्या मनातलं कळणार कुठून?

आधी झूमचा हिशोब

उदाहरण म्हणून माझाच कॅमेरा घेऊ. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स२३० एचएस, २०११चं मॉडेल. १२.१ मेगापिक्सेल, १४एक्स झूम. तुमच्या घरात दुसऱ्या कंपनीचा असेल, तरी बहुतेक गोष्टी अशाच लागू होतात.

१४एक्स म्हणजे डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा वस्तू १४ पट जवळ दिसते, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. या लेन्सचं रुंद टोक २८ मिलिमीटरच्या लेन्सइतकं आणि लांबचं टोक ३९२ मिलिमीटरइतकं. एका टोकाला दुसऱ्याने भागलं की १४ येतात, बस. डोळ्यांना जे ‘नॉर्मल’ वाटतं, ते साधारण ५० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे प्रत्यक्षात आठेक पट जवळ. तेही काही कमी नाही. भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये बोटीतून फ्लेमिंगो टिपायचा तर ही आठ पट फार मोलाची, कारण पक्ष्यांच्या अंगावर बोट घालावी लागत नाही.

पण झूमची किंमत मोजावी लागते, आणि ती प्रकाशात. रुंद टोकाला या लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त एफ/३.१ इतकं उघडतं. पूर्ण झूम केला की एफ/५.९. आकडा वाढला म्हणजे छिद्र बारीक झालं. हिशोब केला तर झूमच्या टोकाला आत येणारा प्रकाश जवळपास साडेतीन पट कमी होतो. उन्हात काही बिघडत नाही. अंधाऱ्या नाट्यगृहात सगळंच बिघडतं. शेवटच्या रांगेत बसून मी नेमकं हेच केलं होतं. पुढच्या रांगेत बसून झूम न करता जो फोटो १/१०० सेकंदात निघाला असता, त्याला पूर्ण झूमवर तेवढ्याच उजेडात साधारण १/३० सेकंद लागतं. तेवढ्या वेळात नट हात उचलून खालीही आणतो.

म्हणून पहिला नियम: बोटाने झूम करण्याआधी पायाने करा. आणि मेन्यूत जाऊन ‘डिजिटल झूम’ आजच बंद करा. तो झूम नाहीच. फोटोचा मधला तुकडा कापून ताणायचा, एवढंच तो करतो. ते काम तुम्ही नंतर फोनवरही करू शकता.

डायलवरची अक्षरं

डायलवर ऑटोच्या शेजारी पी, टीव्ही, एव्ही, एम अशी अक्षरं असतात. टीव्ही म्हणजे टेलिव्हिजन नव्हे, ‘टाइम व्हॅल्यू’. एव्ही म्हणजे ‘अ‍ॅपर्चर व्हॅल्यू’. इतर काही कंपन्या याच दोघांना एस आणि ए म्हणतात. यातला प्रत्येक मोड तुम्हाला एक प्रश्न विचारतो.

पीचा प्रश्न: किती उजळ हवं? इथे वेग आणि छिद्र कॅमेराच ठरवतो, पण फ्लॅश, आयएसओ आणि उजेडाचं कमी-जास्त तुमच्या हातात येतं. अधिक-वजाचं चिन्ह असलेलं बटण शोधा. त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि माझ्या मते अख्ख्या कॅमेऱ्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं असावं असं वाटतं. वारीत पांढरे सदरे आणि टोप्यांनी फ्रेम भरली, की तो म्हणतो, फार उजेड आहे, आणि पांढरं मळकट करून टाकतो. तिथे अधिक १ करा. रंगमंचावर उलट. सगळा काळोख, मध्ये स्पॉटमधला एक चेहरा. कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि चेहरा जळतो. तिथे वजा १. माझे पांढरेफटक चेहरे एवढ्या एका बटणाने वाचले असते.

टीव्हीचा प्रश्न: समोरची हालचाल थांबवायची की दाखवायची? वेग तुम्ही ठरवता, छिद्र कॅमेरा सांभाळतो. ढोल-ताशा पथकातल्या ढोलावर आपटणारं टिपरू हवेत गोठवायचं तर १/५०० किंवा त्याहून वेगवान. तेच टिपरू फराट्यासारखं दिसायला हवं, वादकाचा चेहरा मात्र बऱ्यापैकी स्थिर हवा, तर १/१५ वर या, कोपर अंगाला टेकवा आणि चार-पाच फोटो काढा. एखादा जमतोच. नाटकासाठी १/१२५ पासून सुरुवात करा. बटण अर्धं दाबल्यावर छिद्राचा आकडा नारिंगी झाला, तर समजा उजेड पुरत नाहीये. मग आयएसओ वाढवा किंवा वेग थोडा कमी करा. आयएसओ ४०० चा ८०० केला की निम्म्या उजेडात भागतं, पण फोटोत रवाळपणा वाढतो. या कॅमेऱ्यावर ८०० पर्यंत मी खुशाल जातो. १६०० नाइलाजाने.

एव्हीचा प्रश्न: किती भाग स्पष्ट हवा? इथे एक गोष्ट खरी खरी सांगतो, कारण व्हिडिओंमध्ये ती सांगत नाहीत. ‘छिद्र मोठं करा, बॅकग्राउंड ब्लर होईल,’ हे मोठ्या कॅमेऱ्यांसाठी खरं आहे. आपल्या कॉम्पॅक्टचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ बाय २४. क्षेत्रफळात तीस पटींचा फरक. इतक्या छोट्या सेन्सरवर छिद्र पूर्ण उघडलं तरी जवळजवळ सगळंच स्पष्ट येतं. पोर्ट्रेटमागचं धूसर हवं असेल तर युक्ती वेगळी आहे. मैत्रिणीला भिंतीपासून चांगलं पंधरा-वीस पावलं पुढे उभं करा, तुम्ही मागे सरका आणि झूम करून फक्त चेहरा-खांदे घ्या. उन्हात हे छान जमतं. आणि दुसरं टोक, म्हणजे एफ/८, विनाकारण वापरू नका. छोट्या सेन्सरवर फार बारीक छिद्राने फोटो उलट किंचित मऊ पडतो.

एममध्ये सगळे प्रश्न तुमच्याकडे. घाबरू नका. रात्री फ्लायओव्हरच्या कठड्यावर कॅमेरा ठेवा, दोरी मनगटात असू द्या. आयएसओ १००, एफ/८, वेळ ८ सेकंद, आणि २ सेकंदांचा सेल्फ-टायमर, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का लागणार नाही. गाड्यांच्या दिव्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा येतील. काळं आलं तर वेळ वाढवा. हा कॅमेरा १५ सेकंदांपर्यंत जातो.

याशिवाय एससीएन, म्हणजे तयार प्रसंगांचे मोड. यातले बरेच तुम्ही कधीच वापरणार नाही. पण दोन चांगले आहेत. ‘हँडहेल्ड नाइट सीन’ झटपट अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, त्यामुळे हात थोडा हलला तरी निभावतं. आणि ग्रुप फोटोसाठी ‘विंक सेल्फ-टायमर’. कॅमेरा दगडावर ठेवा, ग्रुपमध्ये जाऊन उभे राहा आणि कॅमेऱ्याला डोळा मारा. दोन सेकंदांनी फोटो. ट्रेकला सगळ्यांना हसवायला एवढं पुरतं.

फ्लॅशचं काय?

या छोट्या फ्लॅशची धाव जेमतेम तीन-साडेतीन मीटर. स्टेज, मॅच, कॉन्सर्ट, किल्ल्यावरचा सूर्यास्त, कुठेच त्याचा उपयोग नाही. नाटकात तर तो गुन्हाच आहे, नटाच्या डोळ्यांसमोर अंधारी येते. त्याची खरी जागा भर दुपारी. टळटळीत उन्हात टोपीखाली मित्राचा चेहरा काळा पडतो, तेव्हा फ्लॅश ‘ऑन’ करा आणि फरक बघा.

घेण्याआधी, वापरण्याआधी

घरात कॅमेरा नसेल आणि सेकंडहँड घ्यायचा विचार असेल, तर ट्रेंड बघून खिसा रिकामा करू नका. रात्रीचे फोटो, सेल्फी आणि लगेच शेअर करणं यात फोनच पुढे आहे. कॉम्पॅक्ट घ्यायचा तो खऱ्या झूमसाठी आणि त्या डायलसाठी. डायलवर टीव्ही, एव्ही, एम नसतील तर दोनदा विचार करा. दुकानात लेन्स पूर्ण बाहेर-आत करून आवाज ऐका. मग आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके, जाळी दिसते का बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी लागते. म्हणून घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बॅटरी फुगलेली असेल तर चार्जिंगला लावूच नका, ई-कचऱ्यात द्या. कार्ड नवं घेताना कॅमेऱ्याला कुठलं चालतं ते आधी तपासा. बरेच जुने कॅमेरे ३२ जीबीच्या पुढची कार्डं ओळखत नाहीत. आणि तारीख सेट करा, नाहीतर यंदाची गॅदरिंग कुठल्या तरी भलत्याच साली झाली असं फोटो सांगतील.

एक शेवटची गोष्ट, सेटिंगमध्ये नसलेली. झूममुळे लांबच्या माणसाचा चेहरा जवळ येतो, पण त्या माणसाला ते माहीत नसतं. कॅम्पसमध्ये कुणाचा ‘कँडिड’ घेतलात तर जाऊन दाखवा, विचारा. ‘डिलीट कर’ म्हटलं तर तिथेच करा. फ्लेमिंगोला विचारता येत नाही, माणसाला येतं.

या रविवारचं होमवर्क

कुठे जायची गरज नाही. घरातला सीलिंग फॅन पुरे. डायल टीव्हीवर. एक फोटो १/४ सेकंदाला, एक १/६० ला, आणि खिडकीतून भरपूर ऊन येत असताना एक १/१००० ला. मग बाल्कनीत नळाखाली बादली ठेवून पाण्याच्या धारेचे तेच तीन फोटो. पंखा तोच, पाणी तेच, फोटो तीन वेगळे. ते तीनही तुम्ही ठरवलेले. एवढं एकदा हाताला कळलं, की पुढच्या वेळी फोनमध्येही ‘प्रो’ मोड उघडायची भीती वाटणार नाही.

आमची ती एकांकिका पुढच्या फेरीत गेली नाही, त्यामुळे पुन्हा कधी झाली नाही. शेवटच्या सीनमध्ये जो मित्र एकटा उभा होता, तो आता नोकरीला बंगळूरला असतो. अजूनही मधूनच त्याचा मेसेज येतो, ‘‘त्या शेवटच्या सीनचा एखादा फोटो सापडला का रे?’’ फोटो आहे. त्यात एक पांढरा ठिपका आहे, आणि तो चेहरा त्याचा आहे हे फक्त मला आणि त्यालाच कळतं.

तुमच्या गॅदरिंगला अजून वेळ आहे. तोवर डायल फिरवून बघा.