चित्रकार सिल्व्हिया

पँकहर्स्ट हे नाव आपल्या घरांत बहुधा मुलांच्या शाळेमार्फतच येतं. माझ्या मुलीला इतिहासाला स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय होता. एमेलिनबाई, थोरली क्रिस्टाबेल, फोडलेल्या काचा, तुरुंगवास, सगळं तिला तोंडपाठ! पण मधली मुलगी सिल्व्हिया मुळात चित्रकार होती, हे तिला माहीत नव्हतं आणि इतकी वर्षं इथे काढून मलाही नव्हतं.

सिल्व्हियाचा जन्म १८८२ चा, मँचेस्टरचा. शिकली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये. १९०७ साली, ऐन पंचविशीत, ही मुलगी रंगसाहित्य घेऊन निघाली ती थेट कामकरी बायकांकडे. क्रॅडली हीथला साखळ्या घडवणाऱ्या, लेस्टरला बूट शिवणाऱ्या, स्टॅफर्डशरला चिनीमातीच्या कारखान्यांत राबणाऱ्या. ग्लासगोच्या सूतगिरणीत तर उकाड्याने तासाभरातच तिला भोवळ आली. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम ऊब आणि दमटपणा राखतात. सुताची काळजी घ्यायची, माणसाचं काय ते माणसाने बघावं!

माझी आत्या लालबागच्या एका गिरणीत रिळिंग खात्यात होती. पाळी संपवून घरी यायची ती केसांत कापूस घेऊनच. म्हणून 'बॉबिन बदलताना' हे सिल्व्हियाचं चित्र मी घरी संगणकावर मोठं करून बराच वेळ पाहत बसलो. तिच्या चित्रांतल्या बायका आपल्या कामात गढलेल्या असतात. कुणी आपली कीव करावी म्हणून बघणाऱ्याकडे पाहत नाहीत. मला हे फार आवडलं.

मातीच्या कारखान्यातलं तिचं निरीक्षण तर इंजिनियरलाही लाजवील. भांडं घडवणारा पुरुष, त्याचं चाक फिरवायला बाई. लेथवर पुरुष, पायटा मारायला बाई. म्हणजे मोटारीच्या जागी बाई! आणि तिचा पगार द्यायचा तोच कामगार. गुलामाची गुलाम, अशा अर्थाचं सिल्व्हियाने पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

एवढा हात असताना तिने चित्रं सोडली. १९१२ मध्ये ती पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत कामाला गेली आणि चळवळीने तिला पुरतं गिळलं. आजूबाजूला एवढी दैना असताना चित्रं काढत बसणं योग्य का, हा प्रश्न तिला विद्यार्थिदशेपासूनच छळत होता. तिचा निर्णय चुकला असं म्हणायची माझी छाती नाही, पण हळहळ वाटते खरी. शेवटची वर्षं तिने इथिओपियात काढली. १९६० मध्ये अदिस अबाबाला ती वारली. टेट संग्रहालयाने तिच्या नातवंडांकडून चार चित्रं विकत घेतली ती २०१८ मध्ये, दोन गिरणीतली, दोन मातीकामाची.

मुलीला ती दाखवली. तिने विचारलं, "बाबा, आत्याआजीचा असा कामावरचा फोटो आहे?"

नाही. आमच्याकडे तिचा एकच फोटो आहे, लग्नातला.