पाण्याखालची गावे

इटलीच्या उत्तरेला रेझिया नावाचा तलाव आहे. धरणासाठी १९५० साली तिथले कुरोन गाव बुडाले. चौदाव्या शतकातला चर्चचा मनोरा तेवढा पाण्याबाहेर उभा राहिला. जगभरचे प्रवासी तो बघायला जातात.

आपल्या मुळशीच्या पाण्याखालीही गावे आहेत; पण खूण सांगायला मनोरा नाही. ती गावे वाचवण्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांसह मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला आणि अखेर ते हरले. धरण झालेच. त्याचे पाणी आजही सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला वीज करते.

ताम्हिणीला जाताना मी तलावाकाठी गाडी थांबवतो. नातवंडे धबधब्यासाठी उतावीळ असतात. आधी ही गोष्ट ऐका म्हणतो. धबधबा कुठे पळून जात नाही.