नसलेल्या पायाचं दुखणं

मधुमेहामुळे पाय गुडघ्याखाली काढावा लागतो, जखम भरते, आणि तरीही रात्री नसलेल्या अंगठ्यात कळ येते. हा मनाचा खेळ नव्हे. कापलेल्या नसा आणि मेंदूतला त्या पायाचा नकाशा अजून जागेच असतात. डॉक्टर कधी अ‍ॅमिट्रिप्टिलीन लिहून देतात. ‘नैराश्याची गोळी कशाला?’ म्हणून घरचे बिचकतात. पण डोस लहान असतो, सुरुवातीला बहुधा रात्री १० ते २५ मिलिग्रॅम. तिच्यामुळे सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं जास्त वेळ टिकतात, मज्जारज्जूत वेदनेचा संदेश दबतो. गुण यायला काही आठवडे लागतात. सगळ्यांना येतोच असंही नाही. २००४ साली सिअ‍ॅटलच्या संशोधकांच्या चाचणीत ती तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. शिवाय या औषधाने तोंड कोरडं पडतं, झापड येते. काचबिंदू, प्रोस्टेट वा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.