तळमजल्याच्या घराची वाढ

भिलाईच्या पोलाद-कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी हा प्रदेश जुन्या मध्य प्रदेशात मोडत असे आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांत विभागलेली एक नवी वसाहत उभी राहिली, आणि विदर्भातून आलेली कित्येक मराठी कुटुंबेही तीत स्थिरावली. पुढे मुले मोठी झाली, सुना आल्या, नातवंडे झाली. खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. वरच्या मजल्यावरील कुटुंबाला यावर उपाय नसतो. तळमजल्याच्या मागच्या दारी मात्र थोडे अंगण असते, आणि त्या अंगणाकडे पाहूनच एक खोली वाढविण्याची भाषा घरात सुरू होते.

अशा वेळी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नवी खोली असते. वस्तुतः प्रथम विचार करावयास हवा तो जुन्या खोलीचा. मागच्या भिंतीला लागून, तिच्या संपूर्ण रुंदीची खोली बांधली की जुन्या खोलीची खिडकी नव्या खोलीत उघडू लागते. एक खोली मिळते, आणि दुसरी अंधारात जाते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उष्ण व कोरड्या हवामानात, राहत्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-दशांश इतकी वायुवीजनाची जागा असावी लागते. म्हणजे ३ मीटर रुंद व ३.६ मीटर लांब खोलीला सुमारे १.१ चौरस मीटर खिडकी हवी, आणि तीही मोकळ्या आकाशाकडे. आपल्या जुन्या वाड्यांतील चौकाचे प्रयोजन हेच होते.

म्हणून वाढ मागच्या बाजूच्या अर्ध्याच रुंदीत, स्वयंपाकघराच्या पाठीशी करणे हिताचे ठरते. स्वयंपाकघर मागे न्यावे, जुन्या स्वयंपाकघराच्या जागी जेवणाची जागा करावी आणि निजावयाच्या खोलीची खिडकी उरलेल्या अंगणाकडे तशीच मोकळी ठेवावी. पाण्याचे नळ व सांडपाण्याची वाट जवळच असल्यामुळे खर्चही कमी येतो. नव्या भागाची जमीन जुन्या जमिनीच्या पातळीतच राहिली, उंबरठे टाळले आणि दार ९० सेंटिमीटर रुंद ठेवले, तर वृद्ध माणसाला घरभर सुखाने वावरता येते. तळमजल्याचा हा मोठा गुण वाढीच्या घाईत गमावता कामा नये.

दुसरा विचार उन्हाचा. भिलाई सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांवर उतरतो. दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा असला की उन्हाळ्याचे ऊन अडते आणि हिवाळ्याचे आत येते. पश्चिमेचा सूर्य मात्र तिरपा असल्याने छज्जाला दाद देत नाही. त्या बाजूला न्हाणीघर, कोठी किंवा झाड असणेच बरे. शिवाय एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तळमजल्याच्या जुन्या खोल्यांवर वरच्या घराची सावली असते; नव्या खोलीवर ती नसते. तिचे छप्पर थेट उन्हात तापते. त्यावर पत्रे घातले तर मे महिन्यात ती खोली राहण्याजोगी उरत नाही. काँक्रीटचे छतही पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांनी किंवा चुन्याने शुभ्र ठेवावे आणि त्यावरील पाणी साचू न देता वाहून न्यावे.

तिसरा विचार जमिनीचा. छत्तीसगडचा शेतकरी भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा मातीच्या जाती सांगतो. यांतील कन्हार ही काळी माती पावसाने फुगते आणि उन्हाने आकसते. जुनी इमारत कित्येक दशकांत खाली बसून स्थिर झालेली असते; नवा भाग अजून बसावयाचा असतो. दोहोंच्या विटा एकमेकींत गुंतविल्या की सांध्याशी तडा जातो. तेव्हा नव्या भागाला स्वतःचा पाया, स्वतःच्या भिंती द्याव्या आणि दोहोंमध्ये अरुंद फट ठेवून ती लवचिक द्रव्याने भरावी. जुन्या पायालगतचे खोदकाम त्या पायाहून खोल जाऊ देऊ नये, व तेही थोड्या थोड्या लांबीत करावे.

येथूनच प्रश्न एका कुटुंबाचा राहत नाही. विटांच्या इमारतीत तळमजल्याची भिंत ही केवळ आडोसा नसते. वरच्या घराचा सारा भार तिच्यावर असतो. दोन खोल्या एक करण्यासाठी ती फोडणे म्हणजे वर निजलेल्या माणसांच्या खालचा आधार काढणे होय. स्थापत्य-अभियंत्याने पाहून लिखित सल्ला दिल्याविना अशा भिंतीला हात लावू नये. वरच्या घराचे सांडपाणीही मागच्या अंगणातील चेंबरमधूनच जाते. त्यावर फरशी घातली की तुंबलेले पाणी कोणी व कोठून मोकळे करावे? नव्या छतावर चढून वरच्या खिडकीपर्यंत कोणालाही पोहोचता येते, हेही विसरून चालत नाही. या शतकाच्या आरंभी कारखान्याने आपली काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. परंतु पट्टा म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. जमिनीच्या मालकाची संमती, बांधकामाची रीतसर परवानगी आणि वरच्या शेजाऱ्याशी मोकळे बोलणे, ही तिन्ही कुदळ मारण्यापूर्वीची कामे आहेत.

नकाशा कागदावर उतरला की अंगणात फक्कीने त्याच्या रेषा आखाव्या, भिंतीच्या जागी काठ्या रोवून जुनी लुगडी बांधावी, आणि चार दिवस घर तसेच वापरून पाहावे. दुपारी चार वाजता मधल्या खोलीत बसलेल्या आजीला दिवा न लावता तांदूळ निवडता आले, तर आखणी जमली असे समजावे. न आले, तर काठ्या हलविण्यास काहीच खर्च लागत नाही.