घराण्याचा शोध : मृत्यूची नोंद कुठे आणि कशी मिळते

वंशावळ मांडताना पुरुषांची नावं भराभर मिळतात. सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला, कुठे ना कुठे ती असतातच. पण पणजीचं काय? तिच्या नावावर जमीन नव्हती, ती शाळेत गेली नव्हती. सरकारी कागदावर तिचं नाव एकदाच आलं असेल, तर ते बहुधा मृत्यूच्या नोंदीत. आज आपण ही एक ओळ शोधायला निघणार आहोत.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवू. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, मूळ गावी नव्हे. कोकणातला माणूस गिरणीत कामाला होता आणि मुंबईतच गेला, तर नोंद मुंबई महापालिकेकडे. आजारी पडून गावी परतला आणि तिथे गेला, तर गावच्या दप्तरात. बायकांच्या बाबतीत आणखी एक शक्यता धरायची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. बाळंतपणात गेलेल्या बाईची नोंद सासरी सापडत नसेल, तर माहेरच्या गावचं दप्तर बघायचं.

दुसरी गोष्ट काळाची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या मृत्यूसाठी खेड्यात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. त्याआधीच्या काळासाठी खेड्यापाड्यात शोधायचा तो गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. ही जुनी दप्तरं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारायची. फार जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत हवा.

आता खरी अडचण. अभिलेख कक्षात गेलो की पहिला प्रश्न येतो, ‘साल कोणतं?’ आणि घरात विचारलं तर तारीख कुणालाच ठाऊक नसते, तिथी ठाऊक असते! मग तिथीवरूनच सुरुवात करायची. शके माहीत असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवायचे. म्हणजे ‘शके १८४०, अश्विन वद्य’ असं कुणी सांगितलं, तर तो १९१८ च्या ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबरची सुरुवात. इन्फ्लुएन्झाची मोठी साथ याच सुमारास होती. घरातली ‘साथीत गेली’ ही आठवण इथे जुळते का, तेही बघता येतं.

पण पितृपक्षातली तिथी जरा जपून वापरायची, बरं का. पक्षात श्राद्ध घालतात ते भाद्रपदात, त्यामुळे महिना कळत नाही, फक्त तिथी कळते. काही वेळा तीही कळत नाही. घरात पणजीचं अविधवा नवमीला करत असतील, तर ती नवमीला गेली असं धरू नये. त्यावरून एवढंच समजतं की नवऱ्याच्या आधी ती गेली. हीसुद्धा लहान माहिती नाही. पणजोबांच्या मृत्यूचं साल सापडलं, तर पणजीचं त्याच्या मागे शोधायचं. सर्वपित्रीला करत असतील, तर बहुधा तिथी कुणाला आठवत नव्हती. चतुर्दशीला करत असतील, तर अपघात किंवा घातपाताची शक्यता मनात ठेवायची.

नोंदवही हातात आली की ठरलेल्या सालाच्या मागची-पुढची दोन-तीन वर्षंही चाळायची. नाव घरात हाक मारायचे तसं असेलच असं नाही. बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, ‘अमक्याची बायको’ असा नुसता उल्लेख, सगळ्याची तयारी ठेवायची. कारणाच्या रकान्यात ‘ताप’ दिसला, तर तो वैद्यकीय निदान म्हणून घेऊ नये. खेड्यात लिहिणारा डॉक्टर नव्हता. कितीतरी वेगवेगळे आजार या एका शब्दाखाली गेले आहेत. आणि कायद्याप्रमाणे मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यात कारण दिलेलंच नसतं. ते छापायला कायद्यानेच मनाई आहे.

इथे नेहमी विचारलं जातं, ‘नोंद नाहीच मिळाली तर?’ तर आधी कार्यालयाकडून अनुपलब्धतेचा दाखला लेखी घ्यायचा. वारसाच्या किंवा दुसऱ्या सरकारी कामात तो लागू शकतो. मग आडवाटेने जायचं. जमीनधारक गेला की वारस लावतात, म्हणून गाव नमुना ६-क आणि त्या वेळचा फेरफार बघायचा. त्यात मृत्यूची तारीख मिळते, निदान ‘या सालाआधी’ एवढं तरी ठरतं. विधवेचं नाव वारसांत आलं असेल, तर त्या दिवशी ती हयात होती हे कळतं. पुढच्या फेरफारात तिचं नाव कमी झालं, तर मधल्या काळात ती गेली असावी. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही विसरू नयेत. अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला कोण आलं होतं, कुणाच्या नावाने आलं होतं, हे त्यांत सापडू शकतं.

तेव्हा दप्तराकडे जाण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसू. ‘तारीख काय?’ असं न विचारता ‘तिचं कधी करता? ती गेली तेव्हा कुठे होती? कोण तान्हं होतं?’ असं विचारू. तान्ह्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख असते. तिथून पणजीचं साल मोजता येतं. आणि हे आजच विचारायला हवं. दप्तर उद्याही तिथेच असेल, सांगणारी आजी असेलच असं नाही.