कार्बोरेटर गळतोय? आधी वेळ बघा

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याच्या तोंडावर सोनाळा वसलं आहे. संग्रामपूर तालुक्यातल्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या जुन्या पद्मिनीतून किंवा मारुती ८०० मधून पेट्रोलचा वास येऊ लागला, की बहुतेक जण पाना घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू आवळत सुटतात. त्याने वास तर जात नाहीच, वर झाकण वाकतं आणि साधी गळती कायमची होऊन बसते. पाना उचलण्याआधी एक गोष्ट बघायला हवी: पेट्रोल नेमकं केव्हा गळतं?

मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली. मारुती ८०० नेही त्याच काळात कार्बोरेटर सोडून एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, घेतली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे या गाड्यांत आज जो कार्बोरेटर चालतो आहे, तो साधारण पाव शतक जुना. त्याचे रबर, पॅकिंग आणि डायफ्राम थकणारच.

आत काय चालतं?

या गाड्यांची टाकी मागे आणि कार्बोरेटरपेक्षा खाली असते. पंप तिथून पेट्रोल ओढून कार्बोरेटरच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये ढकलतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत गोळा वर आला की नळ बंद होतो, तसंच इथेही घडतं. पेट्रोल चढतं, फ्लोट उचलला जातो आणि टोकदार निडल सीटवर बसून वाट बंद करते. निडलखाली कचऱ्याचा कण अडकला, सीट झिजली किंवा फ्लोटला भोक पडून तो जड झाला, की पंप पेट्रोल ढकलतच राहतो. मग वाटी भरून वाहते.

आधी जीव सांभाळा

पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि बंद शेडमध्ये तशीच राहते. म्हणून गाडी उघड्यावर ढकलत न्या. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. विडी, काडी, उघड्या वायरचा बल्ब जवळ नको. वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी ठेवा. थेंब पडताना दिसत असेल, तर इंजिन चालू करूच नका.

मग कार्बोरेटर, पाइप आणि पंप कापडाने कोरडे पुसा. जोडांवर पांढऱ्या खडूची पूड लावा आणि खाली कोरा कागद अंथरा. ओल पहिल्यांदा कुठे उमटते ते खडूवर दिसतं. पेट्रोल ओघळत खाली येतं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा वेगळी असू शकते.

थेंबाची वेळ काय सांगते?

गाडी रात्रभर उभी असताना वाटीच्या खालच्या बाजूला ओल दिसली, तर तळाचा बोल्ट, त्याचा वॉशर किंवा वाटीची चीर तपासा. टाकी खाली असल्याने वाटी रिकामी झाली की ही गळती सहसा आपोआप थांबते. मोटारसायकलचं तसं नसतं. तिची टाकी वर असते, म्हणून कॉक उघडा राहिला तर पेट्रोल गळतच राहतं.

पंपाने दाब दिल्यावरच ओल आली, तर पाइप, क्लिप आणि पेट्रोल आत येतं तो जोड बघा. काही पंपांना हाताने दाबायची कांडी असते. तिच्यामुळे इंजिन न फिरवताच ही परीक्षा होते. पाइप कोरडा आहे आणि झाकणाच्या जोडातून किंवा हवेच्या छिद्रातून पेट्रोल येतंय, तर दोष निडल-सीटचा किंवा फ्लोटचा. इथे झाकणाचं पॅकिंग बदलून काही उपयोग नाही, कारण वाटी मुळात प्रमाणाबाहेर भरते आहे. फ्लोट काढून कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो गेला. शंका राहिली तर चुलीपासून दूर, गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की भोक सापडलं. भोकाला डाग देऊ नका. आत उरलेलं पेट्रोल पेटू शकतं, आणि डागाच्या वजनाने पेट्रोलची पातळीही बिघडते. फ्लोट बदलणंच बरं.

फक्त ॲक्सिलरेटर दाबताना थेंब आला, तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम फाटलेला असतो. फक्त चढावर वास आला, तर फ्लोटची पातळी जास्त उंच आहे.

गाडी चांगली पळाली, बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी वास सुटला, तर ते उन्हाचं काम. पेट्रोलचा हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतो. बंद इंजिनची उष्णता वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनमध्ये उतरतं आणि गाडी पुन्हा लवकर सुरू होत नाही. इथे कार्बोरेटरखालची जाड उष्णतारोधक पट्टी शाबूत आहे का, ते पाहा.

काही गळती डोळ्याला दिसतच नाही. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदला. पीयूसीची पावतीही बोलते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगमध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आकडा वाढत चालला असेल, तर इंजिनात जादा पेट्रोल जात असण्याची दाट शक्यता.

इथेनॉलचा नवा ताण

जून २०२२ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला आणि २०२५ पर्यंत तो २० टक्क्यांवर गेला. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, जुन्या रबराला फुगवतं आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सोडवतं. तो सुटलेला गाळ पुढे निडलखाली येऊन अडकतो. म्हणून जुन्या गाडीत इथेनॉलला टिकणारा पाइप टाकणं, पेट्रोल फिल्टर वेळेवर बदलणं आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवणं गरजेचं झालं आहे. हा खर्च जळालेल्या गाडीपुढे काहीच नाही.

अकोट, शेगाव किंवा खामगावच्या मिस्त्रीकडे गाडी नेताना नुसतं ‘पेट्रोल गळतंय’ एवढंच सांगू नका. इंजिन थंड असताना गळतं की गरम झाल्यावर, उभ्या गाडीतून की रेस दिल्यावर, चढावर की सपाटीवर, हे कागदावर लिहून न्या. कार्बोरेटर उघडणारे हात आता कमी होत चालले आहेत. जे आहेत त्यांना अशी नेमकी माहिती मिळाली, तर ते आधी योग्य भाग उघडतील आणि तुमची गाडी सुरक्षित चालेल.